पाचवा वाढदिवस म्हणजे ताब्याचा हुकूम नव्हे

सातारा तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा : दोन वर्षांपूर्वी पत्नी मुलाला घेऊन विट्याला माहेरी गेली. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, आता त्याला पाच पूर्ण झाली. ‘पाच वर्षांपर्यंत आईकडे, नंतर बापाकडे असा कायदा आहे, म्हणून मी थांबलो. आता साताऱ्यात अर्ज केला तर ताबा कधी मिळेल?’ थोड्याफार फरकाने हेच अनेक वडील विचारतात, आणि बहुतेक जण थांबून झाल्यावर विचारतात.

असा कायदा नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६(अ)चे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, एवढेच सांगते, की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असावा. पाच पूर्ण झाल्यावर तो वडिलांकडे जातो, असे त्यात कुठेही नाही. पुढे कलम १३ लागते : मुलाचे कल्याण सर्वांत वर. वडील नैसर्गिक पालक आहेत हे खरे, पण पालकत्व वेगळे आणि ताबा वेगळा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन आपल्या कब्जात आहे असे होत नाही, हे गावात कुणाला समजवावे लागत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र पारावरचा सल्ला पुरतो आणि दोन वर्षे जातात.

या दोन वर्षांनीच तुमचे प्रकरण अवघड केले आहे. मुलाची बालवाडी, डॉक्टर, सवंगडी, मामा, आजी सगळे विट्यात. रुळलेले मूल उपटायला न्यायालय नाखूश असते. २००८ मध्ये मौसमी गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलगा वडिलांकडेच ठेवला, कारण तो अनेक वर्षे त्यांच्याजवळ वाढला होता आणि त्याला तिथेच राहायचे होते. म्हणजे स्थैर्याचा हा विचार बापाच्या विरोधात नाही. मूल ज्याच्याकडे रुळले, त्याला तो उपयोगी पडतो. आज तो तुमच्या पत्नीला उपयोगी आहे.

वडिलांना ताबा मिळतो तो साधारणपणे मूल आधीपासून त्यांच्याकडे असेल, आईकडून हेळसांड होत असल्याचा कागदोपत्री पुरावा असेल, किंवा आई हयात नसेल आणि मूल नातेवाइकांनी ठेवून घेतले असेल तेव्हा. जाणत्या मुलाची पसंती न्यायाधीश चेंबरमध्ये विचारतात, पण पाच वर्षांच्या पोराच्या बोलण्याला फारसे वजन येत नाही. पगार जास्त असल्याचा मुद्दा ताब्यात क्वचितच चालतो. पोटगीत मात्र हमखास उलटतो. पत्नीच्या चारित्र्यावर पुराव्याशिवाय एक ओळही लिहू नका.

आता साताऱ्याचे. पालक व पाल्य कायदा, १८९० चे कलम ९ म्हणते, अर्ज मूल जिथे सामान्यतः राहते त्या हद्दीत करायचा. म्हणजे सांगली जिल्हा. नेमके कोणते न्यायालय, ते तिथला वकील सांगेल. साताऱ्यात अर्ज केलात तर पहिली हरकत हद्दीची येईल आणि त्या वादातच तारखा जातील. घटस्फोटाचा दावा साताऱ्यात लावून त्यात ताबा मागता येतो, पण तो दावा सांगलीला वर्ग करण्याचा अर्ज येण्याची शक्यता मोठी आहे.

मुख्य अर्ज किती वर्षे चालेल यावर कुणी पैज लावू नये. म्हणून त्याच दिवशी पालक व पाल्य कायद्याच्याच कलम १२ खाली भेटीचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या काळापुरता, अर्ज द्या. तुमच्यासाठी खरे काम हेच आहे. ‘भेट मिळावी’ एवढेच मागितले तर महिन्यातून एकदा, कोर्टाच्या आवारात, तासभर असा आदेश येऊ शकतो. नेमके मागा : दुसरा आणि चौथा रविवार, दहा ते पाच, दर बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीचा अर्धा भाग, मूल सोपवायची जागा सासुरवाडीच्या दारात नको, तटस्थ हवी. दोन वर्षांनी भेटणाऱ्या बापाकडे पोर लगेच मुक्कामी धाडतील, ही अपेक्षा ठेवू नका. पहिले दोन महिने फक्त दिवसा, मग एक रात्र, असे टप्पे स्वतःच लिहून द्या. आणि मिळालेली एकही भेट चुकवू नका.

सोबत जन्मदाखला आणि कामाच्या पाळ्यांचा तक्ता जोडा. रात्रपाळीला मुलाजवळ कोण, हा प्रश्न येणारच. आजी सांभाळणार असेल तर तिचे प्रतिज्ञापत्र द्या. मुलासाठी दरमहा पैसे बँकेतून पाठवा. मध्यस्थाच्या हाती दिलेली रोकड सिद्ध करता येत नाही.

शाळेतून मुलाला उचलून आणू नका. तो गुन्हा होतो की नाही यावर वाद घालता येईल, पण ताब्याच्या अर्जात ते तुमच्याच अंगाशी येईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे हेबियस कॉर्पस (बेकायदा अडकवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका) करा, असेही कुणी सुचवेल. मूल आईजवळ आहे, बेकायदा अडकवलेले नाही, त्यामुळे इथे त्याचा उपयोग दिसत नाही.

अर्ज तयार होईपर्यंत पत्नीला भेटीची तारीख मेसेजवर मागत राहा, सभ्य शब्दांत. नकार आला तर तो पुसू नका, फोनही बदलू नका : न्यायालयात त्याची प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागेल.