आधी मोज

चि.,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत पडवीत बसून तू लॅपटॉपवर तो आलेख दाखवलास, तो अजून डोक्यातून जात नाही. लेसरने थंड केलेल्या रुबिडियमच्या अणूंचा तोच ढग, तीच मांडणी. एके दिवशी तापमान ४० मायक्रोकेल्विन, म्हणजे केल्विनचे ४० दशलक्षांश, दुसऱ्या दिवशी १४०. तुझ्या लॅबच्या गटातले म्हणतात, बरा दिसणारा आकडा घे नि पुढे चल. आणि तू विचारतेस, प्रयोग सोडून सिम्युलेशनकडे वळू का? वळ हवं तर. पण आकडा का हलतो हे कळल्याशिवाय नाही. आधी मोज.

ढगाचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रोमीटर, हे तू स्वतः तपासलंस, की आधीच्याच्या वहीतून उतरवलंस? लेसर नि चुंबकीय क्षेत्र बंद कर, ढगाला पडू दे. २० मिलिसेकंदांत तो जवळजवळ २ मिलिमीटर खाली यायला हवा. नाही आला, तर एक तर तुझी मोजपट्टी चुकलीय, नाहीतर चुंबकीय क्षेत्राच्या कॉइलमधला करंट वेळेत मरत नाही आणि जाता जाता अणूंना ढकलतोय. गरम ढग लवकर पसरतो; म्हणून ते निस्तरलं की ढगाच्या रुंदीचा वर्ग वेळेच्या वर्गासमोर मांड. रेघ सरळ आली तरच उतारावरून तापमान काढ. दोन फोटोंवरून तापमान सांगणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

१९८८ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ विल्यम फिलिप्स यांच्या गटाला सोडियमचे अणू ४० मायक्रोकेल्विनला सापडले. तेव्हाचा सिद्धान्त म्हणत होता, २४० च्या खाली जाताच येत नाही. त्यांनी निरनिराळ्या पद्धतींनी पुन्हा मोजलं. शेवटी सिद्धान्तच बदलावा लागला. म्हणून म्हणतो, आधी मोज!

मला हेकट म्हणत. न पटलेल्या आकड्याखाली मी नाव घातलं नाही, पेपर माझ्याविना गेला, आणि मी रत्नागिरीला येऊन बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घेत राहिलो. मोठी लॅब सुटली याची खंत आहे, कायम राहील. नाव न घातल्याची नाही. इथे पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. तरी झिरो एरर, म्हणजे मोजपट्टी शून्यावर असतानाच दाखवते ती चूक, पाहिल्याशिवाय एकाही पोराचं व्हर्नियरचं रीडिंग मी घेतलं नाही. बरोबरच केलं मी.

परत गेलीस की पहिल्यांदा ढग पाडून बघ. मला फिट केलेले आकडे नकोत, कच्चे फोटो पाठव. जेवणाच्या वेळा सांभाळ.