२ फुटी प्रवाळ टाकीसाठी (जिवंत प्रवाळ ठेवायचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) एलईडी लाइट घरी बनवता येईल का?

हो, नक्की. ३ वॉटचे एलईडी घ्या, रॉयल ब्लू जास्त आणि कूल व्हाइट कमी. प्रवाळातलं शैवाल ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशावर छान पोसतं. १२ एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडले की साधारण ४० व्होल्ट लागतात, म्हणून तेवढं देणारा ७०० मिलिअँपिअरचा, डिमिंगवाला (प्रकाश कमी-जास्त करता येणारा) कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला एकसारखा करंट पुरवणारा डबा हवा.

खरी काळजी उष्णतेची. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे नुसत्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) भरवसा ठेवू नका, पंखा लावाच. पाणी २६ अंशांच्या आसपास राहायला हवं.

ड्रायव्हर टाकीपासून दूर ठेवा, खारे शिंतोडे त्याला खातात. अर्थिंग हवंच. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे प्रकाश निम्म्याहून कमी ठेवा, नाहीतर प्रवाळ पांढरे पडतात.