उरूस भरतो की लागतो?

प्रश्न असा आलाय: "आम्ही घरी ‘ताजबागेत उरूस लागला’ असं म्हणतो. पुण्याच्या भाच्यानं टोकलं, म्हणे ते हिंदी झालं, मराठीत उरूस भरतो. कोण बरोबर?"

ताजबाग म्हणजे नागपूरचा ताजुद्दीन बाबांचा दर्गा. रूढ मराठीत उरूस भरतोच. लिहिताना उरूस दीर्घ, उरुसाला ऱ्हस्व. पण माझं डोकं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. पाळणे, खेळण्यांची दुकानं, बिर्याणी, गर्दी म्हणजे उरूस असं लोक सर्रास धरून चालतात, आणि जरा जास्त शिकलेले असले की ‘मुसलमानांची पुण्यतिथी’ म्हणून मोकळे होतात. काही कोशही जत्रेवरच थांबतात. अरे, शब्दाचा अर्थ तर बघा ना!

अरबीत उर्स म्हणजे लग्न. सरळसरळ लग्न, मांडवातलं. अरूस म्हणजे नवरी. सूफींच्या लेखी संत मरत नाही, जन्मभर ज्याच्यासाठी झुरला त्या देवाशी त्याची गाठ पडते, म्हणून त्याच्या मृत्यूला विसाल म्हणतात, विसाल म्हणजे मीलन. १२७३ साली तुर्कस्तानातल्या कोन्याला सूफी कवी मौलाना रूमी गेले त्या रात्रीला आजही शब-ए-अरूस म्हणतात, लग्नाची रात्र. म्हणजे कामठीत १८६१ ला जन्मलेले आपले ताजुद्दीन बाबा १९२५ ला गेले, त्याचं दरवर्षी आपण जे करतो ते श्राद्ध नाही, लग्नाचा वाढदिवस आहे! चादर, फुलं, मिरवणूक हे सगळं मग वेगळंच दिसायला लागतं. संदल, म्हणजे चंदनाच्या लेपाची मिरवणूक, तर मला नेहमी हळदीसारखाच वाटत आलाय, मुख्य दिवसाच्या आधी वाजतगाजत निघतो, सुगंधी लेप चढतो, हळद नाही तर काय ते?

मागे एकानं मला ठणकावून सांगितलं की उरूस हा ‘उत्सव’चा अपभ्रंश आहे. ‘त्स’चा ‘रू’ कसा झाला ते दाखवा म्हटलं तर गप्प. नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून व्युत्पत्ती होत नसते हो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. अरबीत याच धातूचं एक क्रियापद आहे, अरिस, त्याचा अर्थ एखाद्याला चिकटून राहणं, त्याला न सोडणं. आणि आपलं लग्न कशावरून आलं? संस्कृत लग्, चिकटणे. क्षितिजाला टेकलेली रास ती लग्न, त्यावरून मुहूर्त, मुहूर्तावरून विधी. ज्योतिषवाले राशीपासून सुरुवात करतात आणि तिथंच अडून बसतात, पण राशीच्या आधी धातू आहे आणि तो मराठीत अजून जिवंत आहे. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असतं, घर तलावाला लागून असतं, नामाचं वेड लागतं, समाधी लागते आणि लग्नही लागतंच. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि दोघींनी लग्नाला चिकटणंच म्हटलं! म्हणून ‘देवाशी लग्न लागलं’ याला मी नुसतं रूपक म्हणायला तयार नाही, त्या शब्दाचा तोच तर मूळ अर्थ.

हे काही परकं नाही आपल्याला. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) लहानपणीच दृष्टी गेलेले, स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवायचे आणि कृष्णाची पत्नी म्हणून मंगळसूत्र, कुंकू लावून वावरायचे. ताजुद्दीन बाबा आणि ते एकाच काळातले, दोघंही विदर्भातले. एकाच्या दर्ग्यावर उर्स होतो, दुसऱ्याच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि आपण म्हणतो उरूस म्हणजे पाळणे.

हां, भाच्याचं राहिलंच. नागपूरकडे बाजार लागतो, मेला लागतो, ती हिंदीची सवय आहे हे त्याचं खरंय. पण उरुसापुरतं मी त्याचं ऐकणार नाही. जत्रा भरते, लग्न लागतं. तुम्ही घरी म्हणता तसंच म्हणा, ताजबागेत उरूस लागला.