घुमट वाजवताना थांबतं, मग एरवी का नाही?

पत्र: ताई, आम्ही गोव्यात डिचोलीजवळच्या गावात राहतो. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर, तो सारखे डोळे मिचकावू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, डोळे चांगले आहेत. मग मान झटकणं सुरू झालं, आता घसाही खाकरतो. सासूबाईंनी दृष्ट काढून झाली. बाई वर्गात ओरडतात. पण घुमट, म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य, घेऊन बसला की अर्धा तास काही म्हणजे काही होत नाही. म्हणून ह्यांचं म्हणणं, पोरगा मुद्दाम करतो. खरंच तसं असेल का?

नाही हो. तुम्ही घुमटाचं लिहिलंत ते बरं झालं, सगळा गैरसमज तिथूनच झालाय.

तुम्ही लिहिता त्यावरून ह्या टिक वाटतात. डोळे, मान, खांदे अचानक हलतात, पुन्हा पुन्हा तसेच हलतात. खाकरणं, नाक ओढणं हेही त्यातच आलं. हात आणि कान तालात पुरते गुंतले की टिक कमी होतात, कधी पार थांबतात. उलट थकवा, परीक्षेची धास्ती, अगदी सणाची धांदलसुद्धा त्या वाढवते. काही आठवडे जोर, मग उतार, मग एखादी नवीनच, असं चालतं. थोडा वेळ त्या दाबूनही धरता येतात. शिंक दाबून पाहा, किती वेळ जमतं? बरीच मुलं सांगतात की मान उडण्याआधी आत काहीतरी ताणल्यासारखं, खाजल्यासारखं होतं आणि झटका दिला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. शाळेत दिवसभर दाबून धरलेलं घरी आल्यावर उसळून येतं, ते याचमुळे.

माझा धाकटा भाऊ खांदा उडवायचा. शाळेत त्याला त्यावरून छड्या बसल्या, घरी आम्ही "परत केलंस!" म्हणून मोजत बसायचो. मोजल्यानं ते वाढत होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याची टोचणी अजून आहे, म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते: आजपासून घरात कुणीही त्याला टोकू नका. बाईंना एकांतात भेटा, टिक काय ते सांगा. वर्गात दुर्लक्ष करावं आणि फारच वाढलं तर पाणी प्यायच्या निमित्तानं दोन मिनिटं बाहेर सोडावं, एवढंच मागा.

मग गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बालरोग विभागात दाखवा. मोबाइलवर दोन-तीन चित्रफिती काढून न्या, कारण डॉक्टरांसमोर टिक बरेचदा गायब होते. मध्येच भान हरपल्यासारखा टक लावून बसत असेल, तर तेही आवर्जून सांगा, ते वेगळं दुखणं असू शकतं. अभ्यासात लक्ष न लागणं, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं, हे टिकसोबत पुष्कळदा असतं आणि कधीकधी टिकपेक्षा तेच जास्त आड येतं.

हालचालींच्या आणि आवाजाच्या टिक वर्षापेक्षा जास्त काळ राहिल्या तर डॉक्टर टुरेट म्हणतील. ह्या नावानं घाबरू नका. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी 1885 मध्ये असे नऊ रुग्ण नोंदवले, त्यांच्यावरून ते पडलं. शिव्या बाहेर पडतात म्हणून ह्या दुखण्याची बदनामी झाली आहे, पण तसं दहांतल्या एखाद्यालाच होतं. साधारण दहा ते बारा वयात टिकचा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणजे अजून दोन-चार वर्षं वाढूही शकतं. पुढे बहुतेकांचं बरंच ओसरतं. त्रास होत असेल तर एक प्रशिक्षण असतं: आतून ताण जाणवला की मान उडू न देणारी दुसरी हालचाल करायला शिकवतात, जसं हनुवटी किंचित खाली घेऊन मान स्थिर धरणं. औषधंही आहेत, पण प्रत्येक मुलाला लागत नाहीत.

यंदा चवथीला त्याला आरतीला घुमट द्याच. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, तर "त्याला टिक आहेत, आपोआप होतं" एवढं त्याच्या वडिलांनीच सांगावं, आणि पानं वाढायला घ्यावीत.