रविवारी रात्री नऊ वाजता

प्रश्न : माझे मिस्टर इन्फन्ट्रीत होते. १९९९ला कारगिलमध्ये होते, २००६ला पेन्शनवर आले. झोप तेव्हापासूनच कच्ची. पण २०२५च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी टीव्हीवर रात्रंदिवस ड्रोन आणि सायरन सुरू होते, तेव्हापासून ते रात्रभर अंगणात फेऱ्या मारतात. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, ‘मी काय वेडा आहे का?’ पुतण्याने मोबाइलवर भेटणाऱ्या माजी सैनिकांचा एक गट शोधलाय. तिथे जुनं उकरून त्रास वाढणार नाही ना?
– एक भगिनी, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : वहिनी, मी तोफखान्यातला. १९९९च्या त्याच उन्हाळ्यात कारगिलजवळ द्रासला होतो. ‘मी काय वेडा आहे का’ हे वाक्य माझ्याही घराने पुष्कळ ऐकलंय. कुकरची शिट्टी झाली की मी दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहायचो. पुढे बायको कुकर लावण्याआधी मला सांगू लागली. आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये एका जुन्या सोबत्याने मला अशाच एका गटात ओढलं. दर रविवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल, आठ-दहा जण. पहिले तीन रविवार मी कॅमेरा बंद ठेवून नुसता ऐकत होतो. कोणी हटकलं नाही. मग एकदा सांगलीकडचा एक जण बोलत असताना त्याच्या गल्लीत लग्नाची वरात आली आणि फटाक्यांची माळ लागली. मी दचकून खाली वाकलो. मान वर करून बघतो तर स्क्रीनवरच्या निम्म्या चौकटी रिकाम्या. सगळे माझ्यासारखेच वाकलेले! हळूहळू एकेक डोकं वर आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या वाकण्याची लाज वाटली नाही. त्या रात्री मी कॅमेरा सुरू केला.

उकरण्याची भीती तुम्ही बाळगता ती खोटी नाही. म्हणून गट बघून घ्या. आमच्याकडे रेकॉर्डिंग नाही, युद्धाचे व्हिडिओ फॉरवर्ड करायचे नाहीत आणि ‘किती मारले?’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. सांगायचं तेवढंच सांगायचं. शेती, गुडघे, पोरांच्या नोकऱ्या यांवरच बहुतेक वेळ जातो. जिथे २६ जुलै, कारगिल विजय दिवस, आला की शवपेट्यांचे फोटो पडतात, त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मात्र त्यांना बाहेर काढा. आणि टीव्हीवरच्या त्या चर्चा रात्री बंदच.

ही रीत नवीन नाही. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकी सैनिक १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये असेच एकत्र बसून बोलू लागले. त्यांच्या लढ्यामुळे १९८०मध्ये या त्रासाला डॉक्टरांच्या पुस्तकात ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर मनावर राहणारा ताण, हे नाव मिळालं. वेड नव्हे ते, वहिनी. हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

पण गट म्हणजे उपचार नव्हे. दारू वाढली, हात उगारला गेला, ‘आता जगून काय करायचं’ अशी भाषा आली, तर रविवारची वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय कॉलेजात, त्यांचा वेगळा कक्षही आहे. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येतं. मी स्वतः दीड वर्ष गोळ्या घेतल्या आणि गटही सोडला नाही.

तुमच्या पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक ओळ नाही. ते अंगणात फेऱ्या मारतात तेव्हा तुम्हीही जाग्याच असणार. १४४१६ला तुम्हीही फोन करू शकता, तुमच्यासाठी.

येत्या रविवारी जेवणं जरा लवकर उरका, फोन चार्ज करून पुतण्याला लिंक लावून द्यायला सांगा आणि दार ओढून घ्या. आत काय बोलणं झालं ते विचारू नका. कॅमेरा बंद ठेवला तर ठेवू द्या.