मॅकच्या पोटात विंडोज, विंडोजच्या पोटात मेमरी

प्रश्न : मी बारा वर्षं इंग्रजी-मराठी अनुवाद करते. जुना विंडोज लॅपटॉप बंद पडल्यावर हौसेने एम-२ प्रोसेसरचा मॅक घेतला, १६ जीबी रॅमचा. आता कळतंय की त्यावर ट्रॅडोस हा अनुवादाचा प्रोग्रॅम चालत नाही, आणि एजन्सी तर ट्रॅडोसचीच पॅकेजेस पाठवते. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकून काम होईल का? एक जण म्हणतो मस्त चालतं, दुसरा म्हणतो मॅक विकून टाका. कुणाचं ऐकू?

उत्तर : मॅक विकू नका. मी स्वतः असंच काम करते आणि सुरुवातही तुमच्यासारखीच झाली होती : आधी खरेदी, मग चौकशी.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे मॅकच्या लेखी एक प्रोग्रॅम आणि काही गीगाबाइटची एक अगडबंब फाइल. आतल्या विंडोजच्या लेखी मात्र तोच अख्खा संगणक. आपण मॅकच्या पोटात आहोत याचा त्याला फारसा पत्ता नसतो. पूर्वीच्या इंटेल मॅकवर बूट कॅम्पने विंडोज थेट बसवता येई. २०२० च्या अखेरीस एम-१ आला आणि ती सोय गेली, कारण हे प्रोसेसर इंटेलपेक्षा वेगळ्या, एआरएम जातीचे आहेत. त्यामुळे तुम्हाला विंडोज ११ सुद्धा एआरएमचीच लागेल. इंटेलची प्रत उतरवून दोन तास डोकं आपटून घेऊ नका. मी घेतलं आहे.

ट्रॅडोस मुळात इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेलं, पण एआरएमवरची विंडोज ११ त्याच्या सूचना जागच्या जागी उलगडून देते. म्हणजे तुम्ही इंग्रजीचं मराठी करत असताना खाली एक दुभाषा गुपचूप स्वतःचं काम करत असतो. मला ही कल्पना फार आवडते. त्याचा मोबदला वेळेत मोजावा लागतो : प्रोग्रॅम उघडताना, मोठ्या प्रोजेक्टचं अ‍ॅनालिसिस करताना थांबावं लागतं. एका सेगमेंटवरून, म्हणजे साधारण एका वाक्यावरून, पुढच्यावर जाताना मात्र मला फरक जाणवत नाही, आणि आपला दिवस तर तिथेच जातो.

व्हर्च्युअल मशीन चालवणारे प्रोग्रॅम म्हणजे पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन, यूटीएम. तिन्हींवर हे होतं. पॅरलल्सवर विंडोज ११ एआरएम चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही मोफत आहे. यूटीएम मोफतच आहे, पण त्यात हाताने करायचं काम जास्त. विंडोजचं लायसन्स वेगळं लागेल. वर्डही विंडोजच्या आत हवं. मॅकवरचं वर्ड ट्रॅडोसच्या प्रिव्ह्यूच्या उपयोगाचं नाही.

१६ पैकी ८ जीबी विंडोजला द्या, ८ मॅकला राहू द्या. जास्त दिलं की जास्त पळतं असं वाटतं, पण मॅकचा श्वास कोंडला की दोघंही रांगतात. रॅम एकूण ८ च असती, तर मी तुम्हाला तुमच्या दुसऱ्या सल्लागाराकडे पाठवलं असतं.

पहिल्या दिवशी छळ होतो तो कीबोर्डचा. कॉन्कॉर्डन्ससाठी, म्हणजे जुन्या अनुवादांत एखादा शब्द शोधायला, एफ-३ दाबलंत की मॅक सगळ्या खिडक्या पसरून दाखवील. मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन एफ-कळा साध्या एफ-कळा म्हणून वापरायचा पर्याय निवडा. आणि मराठी कीबोर्ड विंडोजच्या आत बसवा. मॅकवरचा मराठी कीबोर्ड चालू ठेवून आत टंकू नका, किंवा बाहेर टंकून आत चिकटवू नका. याचं कारण खाली तिसऱ्या प्रश्नात येईल.

प्रश्न : मी लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज चालवतो. आत-बाहेर दोन्हीकडून दिसावी म्हणून ट्रान्सलेशन मेमरी (जुने अनुवाद साठवणारी फाइल) शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आहे. अधूनमधून 'डेटाबेस लॉक्ड' असा संदेश येतो, आणि एकदा तर मेमरी उघडेचना. मशीनला आणखी रॅम देऊ का? शिवाय कंट्रोल-एंटर कधी चालतं, कधी नाही. व्हायरस असेल का?

उत्तर : रॅमचा इथे काही दोष नाही. दोष त्या शेअर्ड फोल्डरचा आहे, आणि तो फोल्डर केल्याबद्दल मी तुम्हाला बोलू शकत नाही, कारण मीही नेमकी हीच हुशारी केली होती.

ट्रॅडोसची मेमरी म्हणजे एसक्यूलाइटचा डेटाबेस, एका फाइलीत मावणारा. तुम्ही सेगमेंट कन्फर्म केलात की प्रोग्रॅम त्या फाइलीला क्षणभर कुलूप लावतो, नोंद करतो, कुलूप काढतो. फाइल आपल्याच डिस्कवर असेल तर हे बिनबोभाट होतं. शेअर्ड फोल्डर मात्र आतल्या विंडोजला नेटवर्कवरच्या ड्राइव्हसारखा दिसतो. विंडोजने लावलेलं कुलूप बाहेरच्या लिनक्सपर्यंत धड पोचेलच याची खात्री नाही. नेटवर्कवरच्या फायलींची कुलपं बेभरवशाची असतात, असं एसक्यूलाइटच्या कर्त्यांनीच आपल्या माहितीपत्रकात लिहून ठेवलं आहे. त्यात बाहेर एखादा बॅकअपचा किंवा सिंकचा प्रोग्रॅम त्याच फाइलीला हात लावत असेल, तर झालंच. माझी सहा वर्षांची मेमरी अशीच एका दुपारी आडवी झाली. वाचले ती दोन महिन्यांपूर्वी काढलेल्या टीएमएक्समुळे, म्हणजे मेमरीच्या एक्स्पोर्ट केलेल्या प्रतीमुळे. मधल्या दोन महिन्यांतली गेली ती गेलीच.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा : मेमरी, टर्मबेस (पारिभाषिक शब्दांचा साठा), चालू प्रोजेक्ट, सगळं व्हर्च्युअल मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर. उंबरठा दोनदाच ओलांडायचा. पॅकेज आलं की शेअर्ड फोल्डरातून कॉपी करून आत, आणि काम संपलं की रिटर्न पॅकेज बाहेर. शेअर्ड फोल्डर म्हणजे पडवी समजा. तिथे चपला काढायच्या, संसार मांडायचा नाही.

यावर एक चिमटाही बसतो, तो आधीच सांगते. सगळं आत ठेवलं की स्नॅपशॉटचा, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती असते तिचा, घोळ सुरू होतो. एकदा एका अपडेटनंतर माझं विंडोज रुसलं. मी ऐटीत तीन आठवड्यांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर परत गेले. विंडोज छान सुरू झालं. ट्रॅडोस उघडलं, तर मेमरीही तीन आठवडे मागे! मशीन मागे जातं म्हणजे त्याच्या डिस्कवरचं सगळंच मागे जातं, हे मला तोंडपाठ होतं, कळलं मात्र त्या दिवशी. स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे.

उपाय आहे. मशीनला दुसरी, छोटी व्हर्च्युअल डिस्क जोडा आणि मेमरी तिच्यावर ठेवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या डिस्कचा प्रकार 'राइटथ्रू' केलात की स्नॅपशॉट तिला शिवत नाही. व्हीएमवेअरमध्ये अशा डिस्कला 'इंडिपेंडंट' म्हणतात. विंडोज हवं तेवढं मागेपुढे करा, मेमरी आपल्या जागी राहते. आणि दर शुक्रवारी मेमरी टीएमएक्समध्ये एक्स्पोर्ट करून बाहेर काढा. टीएमएक्स हा साधा मजकूर असतो, कोणत्याही अनुवाद-प्रोग्रॅमला वाचता येतो. त्याला कुलूपच नाही, तेव्हा तो पडवीत पडला तरी हरकत नाही. ही तिसरी फेरी मला मान्य आहे.

मशीनची मूळ डिस्क-फाइल मात्र क्लाउडच्या सिंक फोल्डरात ठेवू नका. आत एक स्वल्पविराम बदललात तरी बाहेरून बघणाऱ्याला ती अख्खी अगडबंब फाइल बदललेली दिसते.

आता कंट्रोल-एंटर. व्हायरस नाही हो. लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्सने उजवी कंट्रोल कळ स्वतःकडे ठेवलेली असते, तिला 'होस्ट की' म्हणतात. डाव्या कंट्रोलने सेगमेंट कन्फर्म होतो. उजवीने दाबलं की ते आत पोचतच नाही. माझी करंगळी उजवीकडेच जाते, त्यामुळे मी एक अख्खी संध्याकाळ ट्रॅडोस काढून पुन्हा बसवण्यात घालवली होती. व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली जाऊन होस्ट की बदला. मी उजवी शिफ्ट ठेवून पाहिली, ते फार वाईट निघालं. आता स्क्रोल लॉक आहे. ती बिचारी नाहीतरी रिकामीच बसलेली असते.

प्रश्न : मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते, मॅकवर पॅरलल्समध्ये. तेच वाक्य मेमरीत आहे हे मला ठाऊक असतं, डोळ्यांना तंतोतंत तेच दिसतं, पण प्रोग्रॅम १०० टक्के मॅच देत नाही. नव्वदीत कुठेतरी अडतो. हे व्हर्च्युअल मशीनमुळे होतं का?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. त्या वाक्यांत 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' असे शब्द आहेत का, ते बघा. माझी पैज आहे, असतील.

आपला हा डोळ्याच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांकांत, एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिता येतो. एक : ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दोन : साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, मग य. तीन : साधा र, खाली नुक्ता म्हणजे टिंब, हलन्त, य. पडद्यावर तिन्ही सारखे. मेमरी मात्र डोळ्यांनी वाचत नाही, संकेतांक जुळवते. तिला ते वेगळे शब्द वाटतात.

व्हर्च्युअल मशीनचा संबंध एवढाच की तुमच्याकडे आता दोन संगणक आहेत, म्हणून दोन कीबोर्ड आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये ऱ ला स्वतःची कळ आहे, तर काही फोनेटिक कीबोर्ड झेडडब्ल्यूजेची जोडणी टाकतात. काही मजकूर बाहेर टंकून आत चिकटवला, काही आतच टंकला, की मेमरीत दोन्ही जाती नांदायला लागतात.

तपासायची माझी गावठी पद्धत अशी : कर्सर 'ऱ्या' च्या पुढे ठेवा आणि बॅकस्पेस मोजत दाबा. चार वेळांत साफ झालं तर पहिली जात. पाच वेळा दाबावं लागलं तर दुसरी किंवा तिसरी. एखाद्या वेळी दाबूनही काहीच हलल्यासारखं दिसलं नाही, तर तिथे झेडडब्ल्यूजे लपलेला होता.

दुरुस्तीसाठी मेमरी टीएमएक्समध्ये काढा. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. टेक्स्ट एडिटरमध्ये दुसरी आणि तिसरी जात शोधून सरसकट पहिली करा, आणि नव्या रिकाम्या मेमरीत इम्पोर्ट करा. दुसरी जात शोधताना 'र-हलन्त-झेडडब्ल्यूजे' एवढाच तुकडा शोधा. नुसता झेडडब्ल्यूजे उडवू नका, तो इतरत्र अर्धाक्षर मुद्दाम दाखवायलाही वापरलेला असतो. मला हे करायला पाऊण तास लागला आणि नंतर मॅचेस एकदम वाढले. आयतं काम सापडावं तसं झालं. ग्राहकाकडून येणाऱ्या फायलींत मात्र कोणतीही जात असू शकते. प्रोजेक्ट करण्यापूर्वी त्यांनाही हाच रंधा मारा, पण प्रतीवर.

याच ऱ मुळे आणखी एक गंमत होते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर 'दुसऱ्या भागाचा मसुदा' नावाची फाइल ठेवली की नावातला ऱ फोडून र आणि नुक्ता असा ठेवला जातो. नव्या डिस्कवरची एपीएफएस पद्धत हे करत नाही. अशी फाइल जुन्या डिस्कवरून विंडोजमध्ये आली की प्रोजेक्टला ती सापडत नाही, आणि तुम्ही दोन्ही नावं शेजारी ठेवून भिंगातून बघत बसता. फायलींची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. भाषाभिमान फाइलीच्या आत दाखवता येतो.

प्रश्न : व्हर्च्युअल मशीनचं लचांड नको. लिनक्सवर वाइनमध्ये (विंडोजशिवाय विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीत) ट्रॅडोस चालवता येईल का?

उत्तर : ट्रॅडोस किंवा तसल्याच मेमोक्यूसाठी मी त्या वाटेला जात नाही. हे प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर उभे आहेत आणि वाइनमध्ये ते आज उघडले तरी पुढच्या अपडेटला रुसतात. डेडलाइन असणाऱ्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये. ट्रॅडोसची सक्ती नसेल तर ओमेगाटी हे अनुवादाचं सॉफ्टवेअर बघा. ते जावावर चालतं, मोफत आहे, आणि लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींवर तसंच दिसतं. एजन्सीला साध्या एक्सलिफ (अनुवादासाठीच्या सर्वसामान्य प्रकारातल्या) फायली मागून बघा. काही देतात.

प्रश्न : व्हर्च्युअल मशीन नव्या लॅपटॉपवर कॉपी केलं आणि ट्रॅडोस म्हणतं लायसन्स नाही. मशीन तर तेच आहे!

उत्तर : तुमच्या लेखी तेच. कॉपी करताना नेटवर्क कार्डाचा पत्ता आणि मशीनचा ओळख क्रमांक बदलला असणार, म्हणून लायसन्सला तो परका संगणक वाटतो. व्हीएमवेअर पहिल्यांदा सुरू होताना विचारतं, 'हलवलं की कॉपी केलं?' तिथे 'हलवलं' म्हणायचं असतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुना मॅक अ‍ॅड्रेस तसाच ठेवायचा पर्याय असतो. इथला मॅक म्हणजे तो नेटवर्क कार्डाचा पत्ता, अ‍ॅपलचा नव्हे. जुन्या लॅपटॉपवरचं मशीन अजून पुसलं नसेल तर तिथे जाऊन लायसन्स डीअ‍ॅक्टिव्हेट करा, मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट करा. पुसलं असेल तर आपल्या खात्यात जाऊन अ‍ॅक्टिव्हेशन रीसेट करावं लागेल, आणि ते शुक्रवारी संध्याकाळी करायला घेऊ नका.