रक्तातील ‘सी-४’ कमी, म्हणजे जनुकात दोष?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे. तिच्या रक्ततपासणीत ‘सी-४’ कमी आले. हा दोष आनुवंशिक समजावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. सी-४ हे कॉम्प्लिमेंट या रोगप्रतिकाराला मदत करणाऱ्या प्रथिनसमूहातले एक प्रथिन असून, ल्युपसचा जोर वाढला की ते झपाट्याने खर्ची पडते. त्यामुळे जनुके शाबूत असतानाही अहवालातला आकडा खाली येतो.

जनुकांची गोष्ट मात्र विलक्षण आहे. सहाव्या गुणसूत्रावर सी-४ए आणि सी-४बी अशी त्याच्या जनुकाची दोन रूपे असतात आणि त्यांच्या प्रतींची एकूण संख्या माणसागणिक बदलते. बहुतेकांत ती २ ते ६ असते. सी-४बी प्रामुख्याने जिवाणूंच्या पृष्ठभागाला चिकटते, तर सी-४ए प्रतिपिंडे आणि त्यांनी पकडलेले घटक यांच्या गुंत्यांवर खुणा करून त्यांचा निचरा सुकर करते. हा केर साचला, तर शरीर स्वतःच्याच घटकांवर उलटते, असे मानले जाते. म्हणूनच कमी प्रती असलेल्यांत ल्युपसचा धोका अधिक आढळतो, आणि सी-४ मुळीच नसलेल्या अतिदुर्मीळ व्यक्तींपैकी बहुतेकांना तो होतो. मग प्रती जास्त असणे बरे, असे वाटेल. पण २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, मेंदूत सी-४ए अधिक निर्माण करणाऱ्या जनुकरूपांसोबत स्किझोफ्रेनियाचा धोका काहीसा वाढतो.

बहिणीचा आजार आटोक्यात असूनही सी-४ वर्षानुवर्षे कमीच राहिले, तर जनुकीय कारणाची शंका घेता येईल. तोवर सी-३ (याच समूहातले दुसरे प्रथिन), डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि लघवीतील प्रथिने यांच्या जोडीने या आकड्याचा कल संधिवाततज्ज्ञांकडून पाहून घ्यावा.